फवारणीच्या थेंबाची साइज लेझरने मोजता येते का? (काटोल-नागपूर)

बागवान_काटोल

नमस्कार मंडळी. आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, मी नागपूरला राहतो आणि सुटी मिळाली की बागेत जातो. ब्लोअरचे नोझल बदलायचे आहेत. दुकानात विचारलं की सगळे सांगतात हे बारीक मारते, ते जाड मारते, पण बारीक म्हणजे किती बारीक हे आकड्यात कोणी सांगत नाही. आणि आमचा सगळा खर्च त्याच्यावरच अवलंबून आहे ना, नवतीवर (नव्या कोवळ्या पालवीवर) सायला ही कीड आली की औषध पानाच्या मागच्या बाजूला गेलं पाहिजे, थेंब जाड असला तर पानावरून ओघळून खाली मातीत जातो आणि फार बारीक असला तर वाऱ्यावर शेजारच्या धुऱ्यावर जातो.

मी वाचून राहिलो होतो तर कळलं की थेंबांमधून लेझर सोडला की पलीकडच्या पडद्यावर प्रकाशाची गोल वलयं दिसतात आणि वलयाच्या मापावरून थेंबाचं माप काढतात. हे घरी, किंवा बागेतल्या शेडमध्ये, करता येईल का? कोणी केलं असेल तर नीट सांगा. मला फार मनापासून जाणून घ्यायचं आहे, नुसतं नोझलसाठी नाही, हे होते कसं तेही समजून घ्यायचं आहे.

बर्डी_ते_महाल

भारी विषय काढला भाऊ. मी पण वाचणार, मला यातलं काही येत नाही पण वाचनखूण करून ठेवली आहे.

प्रयोगशाळेतला

बागवानभाऊ, प्रश्न एकदम नेमका आहे आणि उत्तर हो असं आहे, पण थोडं लांब लिहावं लागेल, चहा घेऊन बसा.

प्रकाश थेंबाच्या कडेवरून जाताना पसरतो आणि थेंब जितका लहान तितका जास्त पसरतो, यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात. सगळ्याचं मूळ इथे आहे. समोरच्या दिशेला, किरणाच्या आसपास, मधे एक तेजस्वी ठिपका आणि त्याभोवती एक काळं वलय, मग फिकट उजळ वलय, मग पुन्हा काळं असं चित्र तयार होतं. पहिल्या काळ्या वलयाचा कोन मिळाला की हिशोब सोपा आहे, कोन (रेडियनमध्ये) = १.२२ × तरंगलांबी ÷ थेंबाचा व्यास. कोन लहान असला की हे चालतं आणि आपल्या कामात तो लहानच असतो.

आता आकडे टाकू. लाल लेझर पॉइंटर साधारण ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे ०.६५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थेंब १० मायक्रॉनचा असेल तर कोन ०.०७९ रेडियन, म्हणजे साडेचार अंश, आणि दोन मीटरवरच्या पडद्यावर काळ्या वलयाची त्रिज्या जवळपास १६ सेंटीमीटर. थेंब २० मायक्रॉनचा झाला की तीच त्रिज्या ८ सेंटीमीटर. १०० मायक्रॉनला १.६ सेंटीमीटर. आणि तुमच्या ब्लोअरचा थेंब समजा २०० मायक्रॉनचा, तर फक्त ८ मिलिमीटर. अडचण इथेच सुरू होते, कारण लेझरचा स्वतःचा ठिपकाच दोन मीटरवर काही मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या झगमगाटात तुमचं वलय बुडून जातं.

म्हणून धुकं, ढग, मिस्ट फॅन यांचे थेंब या पद्धतीने मोजायला सोपे आणि फवारणीचे अवघड. अवघड आहे, अशक्य नाही.

बागवान_काटोल

सर एवढं सविस्तर लिहिलं, फार आभार. पण एक सांगा, थेंब तर धावत असतात, एका जागी थांबत नाहीत, मग वलय पडद्यावर स्थिर कसं दिसेल? फवारा तर भन्नाट वेगाने जातो.

प्रयोगशाळेतला

फार चांगला प्रश्न विचारला तुम्ही, आणि याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं. वलयाचा *कोन* फक्त थेंबाच्या मापावर ठरतो, थेंब कुठे आहे यावर नाही. आता थेंबांच्या पुढे एक बहिर्गोल भिंग ठेवलं आणि पडदा बरोबर त्याच्या नाभीवर ठेवला तर एकाच कोनात निघालेले सगळे किरण, मग ते किरणपट्ट्यातल्या कुठल्याही थेंबातून निघालेले असोत, पडद्यावर एकाच वर्तुळावर येतात. थेंब डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, धावत गेला, वर्तुळ जागच्या जागी. हजारो थेंब येतात जातात आणि त्या सगळ्यांचा प्रकाश एकाच चित्रात साठत जातो. लॅबमधली लेझर डिफ्रॅक्शनची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. पडद्याच्या जागी एकात एक बसवलेल्या अर्धवर्तुळाकार पट्ट्यांचा डिटेक्टर असतो, मधे सरळ आलेल्या किरणासाठी भोक, आणि कुठल्या पट्टीवर किती उजेड पडला त्यावरून कॉम्प्युटर उलटा हिशोब करतो.

भिंग घरी लावायचं नसेल तर दुसरा उपाय म्हणजे अंतर वाढवा. १० मीटरवर पडदा नेला तर २०० मायक्रॉनच्या थेंबाचं काळं वलय ४ सेंटीमीटर त्रिज्येवर येतं, आणि चांगल्या पॉइंटरचा ठिपका तिथे साधारण सेंटीमीटरभर असतो. शेड लांब असेल आणि रात्र असेल तर दिसायला हवं. सरळ येणाऱ्या किरणासाठी पडद्याला भोक पाडा आणि मागे काळा कपडा लावा.

नरखेड_जुना

मी चाळीसेक वर्षं संत्र्यात आहे. आमच्या काळी हात पुढे धरून पाहायचो, हातावर दव पडल्यासारखं वाटलं की फवारणी बरोबर. त्याच्यात काही वाईट नव्हतं. पण आता औषधं महाग झाली, पाणी कमी झालं, तर मोजून केलं तर चांगलंच आहे. एक विचारतो, थेंब अर्धा केला तर फायदा किती होतो, ते कोणी हिशोबात सांगेल का?

प्रयोगशाळेतला

काका, सांगतो. एक लिटर पाणी ३०० मायक्रॉनच्या थेंबांत फोडलं तर जवळपास ७ कोटी थेंब होतात आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ २० चौरस मीटर. तेच लिटर १०० मायक्रॉनच्या थेंबांत फोडलं तर १९० कोटी थेंब आणि पृष्ठफळ ६० चौरस मीटर. एका ३०० च्या थेंबातून १०० चे २७ थेंब होतात, कारण घनफळ व्यासाच्या घनाने जातं. म्हणून बारीक थेंबाने तेवढ्याच पाण्यात जास्त पानं ओली होतात.

पण दुसरी बाजू बघा. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला साधारण पाव मीटरच खाली येतो. झाडाच्या शेंड्यापासून, समजा तीन मीटरवरून, खाली यायला बारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात सेकंदाला दोन मीटरचा हलका वारा त्याला चोवीस मीटर दूर नेतो. १० मायक्रॉनचा थेंब तर सेकंदाला तीनच मिलिमीटर पडतो, आपल्या कोरड्या हवेत तो जमिनीवर पोचायच्या आधीच विरून जातो आणि औषधाचा कण हवेत राहतो. म्हणून सगळ्यात बारीक तेच सगळ्यात चांगलं असं नाही.

नरखेड_जुना

समजलं. म्हणजे दुपारच्या वाऱ्यात बारीक मारणं म्हणजे पैसा उडवणं. सकाळी लवकर मारा हे आम्ही पोरांना सांगत आलो ते बरोबरच आहे.

फार्मा_नागपूर

माझं काम फार्मसीचं आहे, आमच्याकडे हीच गोष्ट नेब्युलायझरसाठी बघतात म्हणून लिहिते. दम्याच्या रुग्णाला जे औषध वाफेसारखं देतात त्याचा थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचा असावा लागतो, त्याहून मोठा असला तर घशातच बसतो, फुप्फुसात खोल जात नाही, आणि फारच लहान असला तर श्वासाबरोबर परत बाहेर येतो. मोजायची पद्धत तीच, लेझर डिफ्रॅक्शन.

बागवानदादा, तुम्हाला एक गोष्ट नक्की सांगावीशी वाटते, 'सरासरी साइज' असं कोणी म्हटलं की लगेच विचारा कुठली सरासरी. समजा फवाऱ्यात ५० मायक्रॉनचे १००० थेंब आहेत आणि ३०० मायक्रॉनचे फक्त १०. नग मोजून सरासरी काढली तर येते ५२ मायक्रॉन, वा वा किती बारीक नोझल. पण औषध कुठे आहे ते बघा. ३०० चा एक थेंब ५० च्या २१६ थेंबांएवढा, म्हणजे त्या दहा थेंबांत एकूण औषधाच्या ६८ टक्के आहे! म्हणून फवारणीत आणि औषधात दोन्हीकडे घनफळाची मध्यिका वापरतात, व्हीएमडी म्हणतात तिला, अर्धं पाणी तिच्यापेक्षा लहान थेंबांत आणि अर्धं मोठ्या थेंबांत. आणि तिच्या जोडीला खालचे १० टक्के कुठे संपतात आणि वरचे १० टक्के कुठे सुरू होतात तेही विचारायचं. ते दोन आकडे नसतील तर एकट्या व्हीएमडीवर मी तरी नोझल निवडणार नाही.

बागवान_काटोल

ताई हे माझ्या एकदम कामाचं आहे. दुकानदाराने दाखवलेल्या कागदावर एकच आकडा होता.

प्रयोगशाळेतला

ताईंनी लिहिलं ते पुढे नेतो, कारण यातच घरच्या प्रयोगाची खरी अडचण आहे. सगळे थेंब एकाच मापाचे असले तर वलयं स्वच्छ, काळी-उजळ दिसतात. फवाऱ्यात मापं मिसळलेली असतात, मग एकाचं काळं वलय दुसऱ्याच्या उजळ वलयावर पडतं आणि सगळं पुसून एक मऊ उजेड उरतो जो मधून बाहेर हळूहळू फिका होत जातो. त्या उजेडाच्या उतरणीत सगळी माहिती असते, फक्त ती डोळ्याला वाचता येत नाही.

शिवाय समोरच्या दिशेचा उजेड व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ३०० चा एक थेंब मधल्या भागात १०० च्या थेंबापेक्षा ८१ पट उजेड टाकतो. मोठे थेंब मधे राज्य करतात, लहान थेंबांचा पुरावा बाहेरच्या फिकट भागात असतो. म्हणून नुसत्या मधल्या ठिपक्याकडे पाहून निष्कर्ष काढायचा नाही, बाहेरचा भाग मोबाइलच्या कॅमेऱ्याने जास्त एक्स्पोजर देऊन घ्या, ऑटो मोड बंद.

घरी काय होईल हे मी स्पष्ट सांगतो, दोन नोझल एकाच दाबावर, एकाच अंतरावर, एकाच लेझरने तपासले तर कोणाचा उजेड जास्त पसरला हे नक्की कळेल आणि तो नोझल बारीक. तुलना होते. व्हीएमडी १८० की २१० हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

यंत्र_मेकॅनिक

मी एचटीपी (जास्त दाबाचे फवारणीचे) पंप आणि ब्लोअर दुरुस्त करतो. दाब वाढवला की थेंब बारीक होतो हे सगळ्यांना माहीत आहे पण गेज बंद पडलेलं असते हे कोणी पाहत नाही. पितळेचा नोझल झिजला की भोक मोठं होते, पाणी जास्त जाते आणि थेंब जाड पडतो, गेजवर मात्र फरक दिसतच नाही कधी कधी. सिरॅमिकचा जास्त टिकते. अजून एक, स्टिकर (औषध पानाला चिकटावं म्हणून टाकतात ते) टाकलं की पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन फवारा बदलतो, म्हणून साध्या पाण्यावर तपासलं आणि शेतात स्टिकरसोबत मारलं तर तोच थेंब पडेल असं नाही.

प्रयोगशाळेतला

मेकॅनिकभाऊ, हे सोन्यासारखं आहे. तरीसुद्धा शेडमध्ये तपासताना साधं पाणीच वापरा असं मी सगळ्यांना सांगेन, बंद जागेत औषधाचा फवारा कोणी करू नये. पाण्यात औषध नसलेलं नुसतं स्टिकर टाकून एक वेगळी तपासणी करता येईल, तीही शेडची दारं उघडी ठेवून आणि मास्क लावून.

बर्डी_ते_महाल

एक शंका आहे. हे प्रकाशाचं विखुरणं म्हणजे रामन इफेक्टच का? आपल्या गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात तेच दाखवतात ना.

प्रयोगशाळेतला

शंका रास्त आहे. दोन्ही विखुरणंच, पण रामन इफेक्टमध्ये विखुरलेल्या प्रकाशाचा रंग म्हणजे तरंगलांबी किंचित बदलते आणि त्यावरून रेणू कोणता ते कळतं. २८ फेब्रुवारी १९२८ ची ती गोष्ट, म्हणून त्या दिवशी विज्ञान दिन असतो. इथे थेंब मोजताना तरंगलांबी बदलत नाही, फक्त दिशा बदलते. त्याचं पूर्ण गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दिलं, कुठल्याही मापाचा गोल कण घ्या, कोणत्या कोनात किती प्रकाश जाईल ते त्यातून निघतं. कण तरंगलांबीपेक्षा खूप लहान असला तर रॅलेचा नियम, तिथे उजेड व्यासाच्या सहाव्या घाताने आणि निळा प्रकाश लालपेक्षा जास्त विखुरतो. कण खूप मोठा असला तर मी वर लिहिलेलं साधं १.२२ चं सूत्र पुरतं.

आणि नागपूरकरांना आवडेल म्हणून, रामन तरुणपणी अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपूरला होते. पुढे बंगलोरला त्यांचे विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ मध्ये चंद्राभोवतीच्या रंगीत वलयांच्या सिद्धांतावर काम केलं, तेच रामचंद्रन ज्यांचं नाव पुढे प्रथिनांच्या रचनेमुळे जगभर झालं. म्हणजे आपण ज्या वलयांबद्दल बोलतोय त्यांवर आपल्याच माणसांनी मुळापासून विचार केलेला आहे.

धुकेवाला

चंद्राचं नाव निघालं म्हणून येतो. चंद्राला खळं पडतं ते दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्ही एकच समजतात. मोठं खळं, चंद्रापासून २२ अंशांवर, हात लांब करून पंजा पूर्ण फाकवला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर होतं साधारण तेवढं, ते उंचावरच्या बर्फाच्या स्फटिकांमुळे. लहान, चंद्राला चिकटून असलेलं, आत निळसर आणि बाहेरच्या कडेला तांबूस, ते पाण्याच्या थेंबांमुळे, आणि ते बागवानभाऊंच्या लेझरच्या वलयासारखंच आहे, फक्त लेझरच्या जागी चंद्र. २० मायक्रॉनचे थेंब असले तर हिरव्या प्रकाशाचं पहिलं काळं वलय १.९ अंशांवर पडतं आणि चंद्र स्वतः अर्ध्या अंशाचा, म्हणजे चार चंद्र शेजारी ठेवले एवढ्या अंतरावर. वलय मोठं होत गेलं तर थेंब लहान होत चालले. खळ्याचे रंग स्वच्छ असले तर थेंब एकसारखे.

सी. टी. आर. विल्सन हा स्कॉटलंडचा माणूस १८९४ मध्ये बेन नेविस डोंगरावरच्या वेधशाळेत होता, तिथे ढगांवरचे असे रंग पाहून भारावला आणि ते प्रयोगशाळेत करून बघायला लागला, त्यातून पुढे क्लाउड चेंबर आलं आणि १९२७ चं नोबेल. ढगाचे रंग पाहायला गेलेला माणूस अणूच्या कणांचे माग दाखवून गेला, मला हे वाचून दरवेळी आनंद होतो.

आता धुकं. डिसेंबर-जानेवारीत सोनेगाव विमानतळावर विमानं उशिरा होतात तेव्हा लोक म्हणतात धुकं दाट आहे, पण दाट म्हणजे पाणी जास्त असं नाही. एका घनमीटर हवेत ०.१ ग्रॅम पाणी धरा. ते १० मायक्रॉनच्या थेंबांत असलं तर दृश्यता साधारण १३० मीटर. तेवढंच पाणी २० मायक्रॉनच्या थेंबांत असलं तर २६० मीटर. पाणी तेच, थेंब दुप्पट, दिसतंही दुप्पट. विमानतळांवर दृश्यता मोजणारी काही उपकरणं हेच करतात, एक प्रकाशाचा झोत सोडतात आणि ठरावीक कोनात किती विखुरला ते बाजूने पाहतात.

बर्डी_ते_महाल

मग पुण्याच्या संस्थेने ढगात विमान नेलं होतं ते?

धुकेवाला

हो, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयआयटीएम. २००९ पासून त्यांचा कायपिक्स प्रयोग सुरू झाला, विमान ढगातून नेऊन थेंबांची मापं घेतली. विमानाच्या पंखाखाली बसवलेल्या उपकरणात लेझर असतो आणि एकेक थेंब किरणातून जाताना समोरच्या दिशेला जो चमका मारतो तो मोजतात, चमक जेवढी तेवढा थेंब. इथे वलय मोजत नाहीत, थेंब एकेक करून मोजतात. ढगातले थेंब बहुतेक १० ते ३० मायक्रॉनच्या आसपासचे, आणि ते किती मोठे झाले यावर पाऊस पडणार की ढग नुसताच निघून जाणार हे बरंचसं ठरतं. पुढे सोलापूरला कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले तेही याच कामातले. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

फार्मा_नागपूर

एकेक थेंब मोजण्यावरून आठवलं, फेज डॉप्लर नावाची पद्धत पण आहे. दोन लेझर किरण एकमेकांना छेदतात तिथून थेंब गेला की दोन डिटेक्टरना जो सिग्नल मिळतो त्यांच्यातल्या फेजच्या (लहरी किती पुढे-मागे आहेत त्याच्या) फरकावरून व्यास कळतो आणि त्याच सिग्नलवरून वेगही. फक्त थेंब गोल पाहिजे.

आणि यात एक बारीक गोष्ट आहे जी फवारणीवाल्यांनी लक्षात घ्यावी. लेझर डिफ्रॅक्शन एका क्षणी किरणात जेवढे थेंब आहेत ते पाहतं. फेज डॉप्लर ठरावीक वेळात किती थेंब गेले ते मोजतं. नोझलपासून थोडं दूर बारीक थेंब हवेने मंद होतात आणि एका जागी रेंगाळतात, मोठे सपकन निघून जातात, म्हणून पहिल्या पद्धतीत बारीक थेंब जरा जास्त दिसतात. दोन्ही यंत्रं बरोबर आणि आकडे वेगळे! कोणी आकडा सांगितला तर कोणत्या पद्धतीचा ते विचारायचं.

यंत्र_मेकॅनिक

मग एक कंपनी एका पद्धतीचा आकडा देते आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीचा आणि शेतकरी दोन्ही शेजारी ठेवून तुलना करते. हे बरोबर नाही. कागदावर पद्धत छापली पाहिजे, दाब छापला पाहिजे.

प्रयोगशाळेतला

शंभर टक्के सहमत. आता बागवानभाऊंसाठी करायच्या गोष्टी, क्रम महत्त्वाचा आहे.

आधी लेझरची तरंगलांबी तपासा. सीडीवरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, सीडीवर लेझर सरळ टाकला तर ६५० चा लाल किरण २४ अंशांवर दुसरा ठिपका देतो, हिरवा ५३२ चा साडेएकोणीस अंशांवर. मग डोक्याचा एक केस किरणात धरा. केस थेंबासारखा गोल नसून लांब असतो म्हणून तिथे १.२२ लागत नाही, कोन = तरंगलांबी ÷ जाडी. ७० मायक्रॉनचा केस दोन मीटरवर मधल्यापासून १.९ सेंटीमीटरवर पहिली काळी फट दाखवतो. तुमच्या केसाची जाडी मायक्रोमीटर स्क्रू गेजने ताडून बघा. हे जमलं की तुमचं अंतर-माप सगळं बरोबर आहे असा विश्वास येतो.

त्यानंतर लायकोपोडियम पावडर, म्हणजे एका वनस्पतीच्या बीजाणूंची पूड. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये अनेकांनी पाहिली असेल. तिचे बीजाणू जवळपास एकसारखे, ३० मायक्रॉनच्या आसपास, काचेवर पातळ थर शिंपडला की दोन मीटरवर ५ सेंटीमीटर त्रिज्येचं सुंदर वलय मिळतं. थॉमस यंगने दोनशे वर्षांपूर्वी याच कल्पनेवर उपकरण बनवून लोकरीच्या धाग्याची जाडी मोजली होती, तेव्हा लेझर नव्हता, साधा दिवा होता.

काचेवर श्वास सोडून दिव्याकडे बघितलं तरी वलय दिसतं, मुलांना जरूर दाखवा. पण माप काढायला ते वापरू नका, काचेवरचे थेंब एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्यातलं अंतरही वलयात उतरतं.

मग शेवटी फवारा. फवारा फार दाट नको. दाट असला तर एका थेंबाने पसरवलेला प्रकाश दुसरा थेंब पुन्हा पसरवतो, उजेड जास्त रुंद होतो आणि थेंब आहेत त्यापेक्षा बारीक वाटतात. सरळ किरण पलीकडे ठळक दिसत राहिला पाहिजे, तो मंद झाला तर फवाऱ्याची फक्त एक कड किरणात घ्या. आणि मे महिन्यात हा प्रयोग पत्र्याच्या शेडमध्ये करू नका. गरम हवा लहरते, किरण थोडा थोडा वाकतो आणि मधल्या ठिपक्याजवळ उगाच उजेड पसरतो, म्हणजे मोठे थेंब नसताना मोठे थेंब असल्यासारखं दिसतं. हिवाळ्यातली रात्र सगळ्यात चांगली.

बागवान_काटोल

सर एक एक गोष्ट वहीत उतरवून घेतली. लायकोपोडियम लॅबला सामान देणाऱ्या दुकानात विचारतो.

फार्मा_नागपूर

लेझरबद्दल एक वाक्य मीच लिहिते कारण कोणी लिहिलं नाही. ५ मिलिवॉटच्या आतलाच घ्या. बाजारातले स्वस्त हिरवे पॉइंटर कधी कधी लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे असतात आणि त्यातून न दिसणारं इन्फ्रारेडही बाहेर येतं. किरणाची उंची डोळ्याच्या पातळीवर ठेवू नका, मागे चकचकीत पत्रा नको, लहान मुलं असली तर पॉइंटर स्टँडला घट्ट बांधा. आणि आकाशाकडे अजिबात रोखायचा नाही, विमानतळ जवळ आहे.

नरखेड_जुना

हे सगळं ऐकून बरं वाटलं. पण थेंब हवेत मोजला, पानावर काय पोचलं ते कसं कळेल? मला शेवटी पान पाहायचं आहे.

प्रयोगशाळेतला

काका, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यासाठी पाण्याला संवेदनशील कागद मिळतो, पिवळा असतो, थेंब पडला की निळा डाग. पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला टाचून ठेवा, झाडाच्या बाहेरच्या फांदीवर, आतल्या फांदीवर आणि शेंड्यावर. डाग थेंबापेक्षा मोठा पसरतो, साधारण दुप्पट धरतात, आणि पन्नासच्या खालचे थेंब त्यावर नीट उमटत नाहीत. लेझर सांगतो नोझलमधून काय निघालं, कागद सांगतो पानावर काय आलं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे वाऱ्याने आणि उन्हाने काय नेलं. माझ्या मते दोन्ही केल्याशिवाय नोझलचा निर्णय घेऊ नये. अमरावती रोडवर आपली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, फवारणीबद्दल तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारावं असंही सुचवतो.

बागवान_काटोल

ठरलं मग. थंडी पडली की शेडमध्ये रात्री करतो, लांबी बारा मीटरच्या वर आहे म्हणून पडदा दहा मीटरवर सहज जाईल. आधी सीडी, मग केस, मग पावडर, मग जुना पितळेचा नोझल आणि नवा सिरॅमिक एकाच दाबावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळे कागद झाडांवर. फोटो इथेच टाकतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, काटोलहून न्यायची सोय करतो.

यंत्र_मेकॅनिक

मी येतो. नवीन गेज मी सोबत आणतो, तुमचं जुनं काढून ठेवा. आणि टाकीत पाणी गाळून भरा, नोझलमध्ये कचरा अडकला तर सगळीच तुलना वाया जाते.